बंद घर, पेटती शेगडी: बाहेरच्या हवेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिसेंबर लागला, वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठल्याचे फोटो फिरायला लागले, की आमचे फोन सुरू होतात. महाबळेश्वर-पाचगणीला काचेच्या दाराच्या लोखंडी शेगड्या बसवणं आणि खाली सातारा, वाई, कोरेगावकडे बंब नि चुली दुरुस्त करून देणं हे आमचं काम. बहुतेक फोन धुराचे असतात. शेगडी चांगली, धुराडं उंच, जळण वाळलेलं, तरी घरात धूर. खोदून विचारलं की निम्म्या वेळा कारण एकच निघतं: जाळाला हवा कुठून मिळणार, याचा विचारच कुणी केलेला नसतो. म्हणून नेहमीचे प्रश्न इथे एकत्र लिहून ठेवले आहेत.

शेगडीला बाहेरची हवा द्यायची म्हणजे नक्की काय करायचं?

भिंतीतून किंवा फरशीखालून एक पाइप आणायचा आणि तो शेगडीच्या पोटाला जोडायचा, नाहीतर शेगडीच्या अगदी जवळ उघडा सोडायचा. जाळाला लागणारी हवा मग खोलीतून न घेता त्या पाइपातून येते. धूर बाहेर नेणारं धुराडं वेगळं आणि हवा आत आणणारा हा पाइप वेगळा. पुष्कळ जण दोन्ही एकच समजतात, म्हणून आधीच सांगितलं.

आमच्या आजीच्या स्वयंपाकघरात असलं काही नव्हतं. तेव्हा चूल पेटतच होती की.

पेटत होती, कारण ते घर श्वास घेत होतं. कौलांच्या फटींतून धूर वर जायचा, दाराखालून आणि झरोक्यातून हवा आत यायची. भानवशीच्या मागची भिंत काळी व्हायची, आजीचे डोळे चुरचुरायचे, तिची छाती भरून यायची. ते दिवस चांगले होते असं मी कधीच म्हणणार नाही. पण हवेची टंचाई नव्हती.

आता वर स्लॅब, खाली फरशी, खिडक्यांना रबराच्या पट्ट्या. पाचगणीला नव्या बंगल्यांत दुहेरी काचांच्या खिडक्या बसवतात आणि त्या लावल्या की बाहेरचा वारासुद्धा ऐकू येत नाही. जो वारा ऐकू येत नाही, तो आतही येत नाही. अशा घरात शेगडी पेटवली की ती घरातलीच हवा ओढते, आणि ओढून ओढून किती ओढणार?

एका शेगडीला किती हवा लागते?

एक किलो वाळलेलं लाकूड पुरतं जळायला हिशेबाने साधारण पाच घनमीटर हवा पुरते. प्रत्यक्षात चांगल्या बंद शेगडीलाही याच्या दुप्पट लागते, म्हणजे किलोमागे दहा घनमीटर धरा. तासाला दोन किलो लाकूड घातलंत, तर वीस घनमीटर. बारा बाय पंधराची, दहा फूट उंच खोली जवळजवळ एकावन्न घनमीटरची भरते. म्हणजे अडीच तासांत शेगडी त्या खोलीतली सगळी हवा धुराड्याने बाहेर काढते. तेवढीच हवा कुठून तरी आत यावी लागते. ती आली नाही तर धुराड्याचा ओढा, म्हणजे धूर वर खेचण्याचा जोर, मंदावतो आणि धूर घरात वळतो.

मग स्वयंपाकघरातल्या इलेक्ट्रिक चिमणीचा काय संबंध?

या पानावरचं सगळ्यात महत्त्वाचं उत्तर हेच आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

पाचगणीला एका नव्या बंगल्यात आम्ही शेगडी बसवली. दुपारी चाचणी घेतली. कामाची माणसं आत-बाहेर करत होती, सगळी दारं सताड उघडी. जाळ सुरेख लागला, मालक खूश, आम्ही परत. रात्री साडेनऊला फोन: हॉलमध्ये धूर झालाय, मुलं खोकतायत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी मुद्दाम जेवणाच्या वेळेला गेलो. दारं-खिडक्या लावलेल्या, शेगडी पेटलेली, सगळं ठीक. आत वहिनींनी फोडणीसाठी चिमणीचं बटण दाबलं. मी काचेसमोर बसलो होतो. उभा जाळ आधी बुटका झाला, मग त्याची टोकं पुढे, काचेकडे झुकली, आणि दाराच्या वरच्या फटीतून धुराची एक बारीक रेघ खोलीत उतरली. मी उठून स्वयंपाकघराची खिडकी चार बोटं उघडली. परत येईपर्यंत जाळ सरळ उभा होता.

चूक आमची होती. शेगडी आम्ही तपासली, घर तपासलंच नव्हतं.

आता आकडे बघा. घरगुती इलेक्ट्रिक चिमणीच्या खोक्यावर तासाला हजार-बाराशे घनमीटर ओढण्याची क्षमता छापलेली असते. शेगडीची गरज वीस. म्हणजे ती चिमणी शेगडीच्या पन्नासपट ओढू शकते, आणि घर बंद असेल तर तिला हवा मिळायची सगळ्यात सोपी वाट म्हणजे आपलं धुराडं. धूर वरून खाली येतो तो असा. पंधरा फुटी धुराडं चांगलं तापलं, तरी त्याचा ओढा पंधरा-वीस पास्कलचा, म्हणजे पाण्याच्या दोन मिलिमीटर उंचीएवढा. इतकं नाजूक असतं हे सगळं. जर्मनीत घरातली हवा घेणाऱ्या शेगडीच्या खोलीतला दाब पंख्यांमुळे बाहेरच्यापेक्षा चार पास्कलहून जास्त खाली जाऊ द्यायचा नाही, असा दंडक आहे. बंद घरात चिमणी पूर्ण वेगाने लावली की चार पास्कल ती क्षणात ओलांडते.

म्हणून पाइप बसवा न बसवा, इलेक्ट्रिक चिमणी चालू करायच्या आधी स्वयंपाकघराची खिडकी उघडायची. न्हाणीघराचा एक्झॉस्ट पंखाही तेच करतो, फक्त कमी जोराने.

आमच्या घराला पाइपची गरज आहे की नाही, हे घरीच कसं कळेल?

अगरबत्तीने. शेगडी विझलेली आणि पूर्ण थंड असताना घराची सगळी दारं-खिडक्या लावा. इलेक्ट्रिक चिमणी आणि सगळे एक्झॉस्ट पंखे पूर्ण वेगाने चालू करा. शेगडीचं दार बोटभर उघडा आणि त्या फटीसमोर पेटती अगरबत्ती धरा. धूर शेगडीत ओढला गेला तर ठीक. जागीच घुटमळला तर काळजीचं कारण आहे. तुमच्या तोंडाकडे आला, तर धुराडं उलटं वाहतंय आणि त्या अवस्थेत शेगडी पेटवायची नाही. मग पंखे एकेक करून बंद करत जा, नक्की कोण ओढतंय ते कळेल.

थंड धुराड्याचा ओढा मुळात कमी असतो, म्हणून ही परीक्षा कडक आहे. पण ती कडकच हवी. पहाटे निखारे उरलेले असतात तेव्हा धुराडं असंच थंड होत आलेलं असतं.

साताऱ्यातल्या साध्या घरांत, ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या असतील तर त्यांच्या फटींतून इतकी हवा येते की छोट्या शेगडीला वेगळा पाइप बहुधा लागत नाही. गरज नसताना आम्ही भिंत फोडायला सांगत नाही.

खिडकी जराशी उघडी ठेवली तर चालणार नाही का?

चालेल, लक्षात राहिली तर. डिसेंबरात रात्री अकराला गार झोत पायावर आला की घरातलं कुणीतरी उठून ती लावतंच. पाइपचा खरा फायदा हा आहे की तो माणसाच्या आठवणीवर अवलंबून नसतो.

पाइप केवढा घ्यायचा?

ब्रिटनच्या इमारत नियमांत एक सोपं माप आहे: हवाबंद नव्या घरात शेगडीच्या दर किलोवॉटमागे ५५० चौरस मिलिमीटर कायम उघडी वाट. सात किलोवॉटच्या शेगडीला हे ३८५० चौरस मिलिमीटर होतात. तीन इंची पाइपचं तोंड साधारण ४५०० भरतं, म्हणजे कागदावर पुरेसं आहे. पण त्यावर जाळी येते, एक-दोन बाकं, म्हणजे वळणं, येतात, जाळीत कोळिष्टकं अडकतात. आम्ही म्हणून चार इंचीच घालतो. लांबी जितकी कमी तितकं बरं.

पाइप धातूचा, जीआय (जस्त चढवलेलं लोखंड) किंवा स्टेनलेस स्टील. प्लंबर पीव्हीसी सुचवतात कारण तो त्यांच्याकडे पडलेला असतो. पीव्हीसी ऐंशी अंशांच्या आसपास मऊ पडतो. शेगडीखाली त्याचं काम नाही. वारा उलटा फिरला तर याच पाइपातून गरम वायू बाहेर येऊ शकतात, म्हणून लाकडी फरशी किंवा पॅनेलिंगमधून नेताना भोवती मोकळी जागा सोडा.

भोक कुठल्या भिंतीला पाडायचं?

इथे आमच्या भागाचा वारा समजून घ्यावा लागतो. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून, नैऋत्येकडून येतो आणि पाऊस आडवा मारतो. थंडीत तो बहुतेक पूर्वेकडून, ईशान्येकडून असतो. साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उगाच नाहीत.

वारा ज्या भिंतीवर आदळतो तिथे दाब वाढतो आणि पाइपात हवा ढकलली जाते. घराच्या आडोशाच्या बाजूला मात्र ओढ तयार होते. ताशी छत्तीस किलोमीटरच्या वाऱ्याचा जोर पन्नासेक पास्कल असतो आणि आडोशाच्या भिंतीवर त्यातले पंधरा-वीस पास्कल उलटे ओढायला लागतात. धुराड्याचा ओढाही तेवढाच. म्हणजे चुकीच्या भिंतीतला पाइप वादळी रात्री धुराड्याशी रस्सीखेच करतो आणि कधीकधी जिंकतो.

पश्चिमेला भोक पाडलं तर पाऊस आत येणार. पूर्वेला पाडलं तर पावसाळी वाऱ्यात ओढ उलटी. यातून उत्तम वाट म्हणजे जोत्याखालून हवा घेणं. लाकडी तक्तपोशीच्या जुन्या बंगल्यांत जमिनीखाली पोकळी असते. तिला दोन समोरासमोरच्या बाजूंनी जाळीची तोंडं असतील तर वारा कुठूनही आला तरी दाब बराच सम राहतो. शेगडीखालच्या तक्त्यांना भोक पाडून हवा तिथूनच वर घ्यायची. जिथे सरळ काँक्रीटची फरशी आहे तिथे मी पूर्वेची भिंत पसंत करतो, कारण शेगडी मुख्यतः थंडीत पेटते. मग जून-जुलैच्या झोडपणाऱ्या वाऱ्यात शेगडी पेटवायची नाही, हे पथ्य पाळावं लागतं.

आणखी काही गोष्टी. बाहेरचं तोंड शेगडीतल्या जाळाच्या पातळीपेक्षा वर असता कामा नये. वर नेलंत तर तो पाइप स्वतःच दुसरं धुराडं होतो. गाडी उभी राहते तिथून हवा घेऊ नका. माळ्यावरून तर मुळीच नाही. तोंडावर खाली वाकवलेलं बाक आणि सहा मिलिमीटरची न गंजणारी जाळी. महाबळेश्वरला बाक स्क्रूने घट्ट आवळा, नुसतं दाबून बसवलेलं माकडं उपटून नेतात.

पाइप शेगडीला जोडायचा की जवळ मोकळा सोडायचा?

शेगडीला मागून किंवा खालून पाइप जोडायची सोय असेल तर जोडा. नसेल तर घरच्या घरी भोक पाडून जोडाजोड करू नका; शेगडीच्या हवेच्या दोन वाटा ठरवून केलेल्या असतात, एक लाकडाखाली आणि एक वरच्या धुराला पेटवण्यासाठी. पाइप शेगडीशेजारी जमिनीलगत सोडला तरी काम होतं. उलट मोकळ्या पाइपचा एक फायदा आहे: इलेक्ट्रिक चिमणीलाही त्यातून थोडी हवा मिळते आणि घरातला दाब फार घसरत नाही.

याने घर जास्त गरम राहील ना?

फारसा फरक पडणार नाही. काही विक्रेते हाच मुद्दा पुढे करतात, म्हणून हिशेब मांडतो. तासाला वीस घनमीटर हवा, आत-बाहेर दहा अंशांचा फरक: वाया जाणारी उष्णता साठेक वॉट, जुन्या पिवळ्या बल्बएवढी. बर्फाच्या देशात आकडा मोठा होतो, आपल्याकडे नाही. पाइप घालायचा तो जाळाला खात्रीची हवा मिळावी म्हणून.

पाइप घातला की धूर हमखास थांबेल?

नाही. धुराडं आखूड असेल, त्याला तीन बाकं असतील, आत काजळीचा थर असेल, तर पाइप काही करू शकत नाही. छपरातून धुराडं जिथे बाहेर येतं तिथून किमान तीन फूट वर, आणि दहा फुटांच्या आत जे काही असेल (पाण्याची टाकी, जिन्याची खोली) त्याहून दोन फूट वर. आधी हे बघा. पाइपचा विचार नंतर.

अमेरिकेत कारखान्यात बनवून आणलेल्या घरांतल्या शेगड्यांना बाहेरची हवा देणं सक्तीचं आहे, कारण ती घरं लहान आणि घट्ट असतात. ब्रिटनमध्ये मात्र जुन्या, फटींच्या घरात पाच किलोवॉटपर्यंतच्या शेगडीला वेगळी वाट मागत नाहीत. घर बघून निर्णय घ्यायचा, तो असा.

पावसाळ्यात पाइपचं काय करायचं?

पाइपात उघडझाप करणारी झडप बसवून घ्या. शेगडी बंद असेल तेव्हा झडप बंद, नाहीतर जून ते सप्टेंबर ओली हवा शेगडीत शिरून पत्रा आतून गंजतो. कपडे वाळवायला आषाढात, वारा झोडपत नसताना, शेगडी पेटवणार असाल तर आधी झडप उघडा. झडपेच्या दांड्यावर लाल रंगाचा ठिपका द्या, म्हणजे उघडी की बंद ते लांबून कळतं.

दसऱ्याच्या सुमाराला जाळी काढून आत बॅटरी मारून बघा. कुंभारीण माशी पाइपात मातीची घरं बांधते. एका वर्षी एका पाइपातून मूठभर वाळलेली माती निघाली होती आणि घरातले सगळे जळणाला दोष देत होते.

जुन्या बंगल्यात उघडं फायरप्लेस आहे. त्यालाही पाइप चालेल?

उघड्या जाळाला तासाला काहीशे घनमीटर हवा लागते, चार इंची पाइप त्याला कुठे पुरणार? तिथे जवळची खिडकी उघडणं हाच उपाय. नाहीतर त्याच कोनाड्यात दाराची बंद शेगडी बसवा. लाकूडही पुष्कळ कमी लागतं.

आमच्याकडे न्हाणीघरात तांब्याचा बंब आहे. त्याला हे लागू आहे का?

सगळ्यात जास्त त्यालाच लागू आहे. बंबाची मधली नळी आखूड, तिचा ओढा बेताचा, आणि धूर पुष्कळदा त्याच खोलीत सुटतो. पूर्वी बंब परसात किंवा पडवीत असायचा. आता टाइल्स लावलेल्या चार बाय सहाच्या न्हाणीघरात बंब ठेवून, दार लावून आंघोळ करतात. हे थांबवा, अशी हात जोडून विनंती आहे. बंब बाहेर ठेवा आणि पाणी बादलीने आत घ्या. अगदीच आत ठेवायचा तर नळीला पत्र्याचं धुराडं जोडून छपराबाहेर न्या, दाराला खाली विटेएवढी जाळी आणि भिंतीत वर तेवढीच उघडी जाळी ठेवा. आंघोळ निखारे बाहेर काढल्यावर. गॅस गिझरचं दुखणंही हेच आहे; तोही न्हाणीघराबाहेरच हवा.

चुलीला काय करता येईल?

चुलीत लाकडाखाली लोखंडी जाळी टाका, दोन-तीन बोटं उंचीवर, म्हणजे हवा खालून शिरते आणि फुंकणी कमी लागते. चुलीच्या तोंडाजवळ, जमिनीपासून वीतभर उंचीवर भिंतीत झरोका ठेवा. भाकरीसाठी चूल हवीच असेल तर एवढं केल्याने धूर पुष्कळ कमी होतो. गॅस आला तरी आमच्याकडे चूल पुरती गेलेली नाही, तेव्हा ती निदान नीट जळावी.

ऊसाचं पाचट, चिपाडं शेगडीत घातली तर?

बंद शेगडीत नको. पाचट भसकन पेटतं, एकदम हवा मागतं, पाइप आणि धुराडं दोन्ही कमी पडतात आणि लगेच नुसता धूर होतो. पाचटासाठी वेगळी यंत्रणा लागते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने पाचटावर चालणाऱ्या गॅसिफायरवर, म्हणजे जळणापासून पेटता वायू बनवणाऱ्या यंत्रावर, काम केलेलं आहे. शेगडीत बाभूळ, आंबा, सुबाभूळ, छाटलेला सिल्व्हर ओक, फोडून निदान एक उन्हाळा वाळवलेला. ताज्या लाकडाचं जवळजवळ निम्मं वजन पाण्याचं असतं. महाबळेश्वर-पाचगणी २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. रानातलं लाकूड आणायचं नाही.

रात्री हवा बंद करून, निखारे ठेवून झोपलं तर चालतं का?

नाही. जाळ दिसत नाही, धूर दिसत नाही, म्हणून लोकांना वाटतं आता धोका गेला. निखाऱ्यांची वेळच धोक्याची असते. त्यांना हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. धुराडं त्या वेळी गार पडत आलेलं असतं, त्यामुळे तो बाहेर न जाता खोलीत उतरू शकतो. निखारे पूर्ण विझेपर्यंत पाइपची झडप उघडी ठेवा. आणि उघडी कोळशाची शेगडी बंद खोलीत घेऊन झोपणं तर कधीच नाही, बाळंतिणीच्या खोलीतही नाही.

घरातल्या दोघातिघांचं एकाच वेळी डोकं दुखायला लागलं, मळमळ, गुंगी वाटली, तर सर्दी समजू नका. सगळ्यांना बाहेर मोकळ्या हवेत न्या आणि १०८ ला फोन करा. एक गोष्ट मुद्दाम सांगतो: कोविडनंतर घरोघरी बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आहे. या विषबाधेत तो फसवतो. मोनॉक्साइड चिकटलेलं रक्त त्याला ऑक्सिजनने भरलेलं वाटतं आणि तो ९८ दाखवतो. त्याच्या भरवशावर घरी थांबू नका. मोनॉक्साइडचा गजर ऑनलाइन मिळतो. शेगडीच्या खोलीत एक आणि झोपायच्या खोलीत एक लावा.

घर अजून बांधतोय. आत्ता काय सांगून ठेवू?

शेगडीची जागा आधी ठरवा आणि गवंड्याला जोतं भरतानाच चार इंची जीआय पाइप टाकायला सांगा, बाहेरच्या बाजूला किंचित उतार देऊन, म्हणजे शिरलेलं पाणी बाहेर जाईल. दोन्ही तोंडांना चिंधी कोंबून वर प्लास्टिक बांधा, नाहीतर प्लास्टरचा माल आत जातो. आणि फरशी बसायच्या आधी भिंतीवर खडूने बाण काढून एक फोटो काढून ठेवा. पुढे पाइप शोधायला तोच उपयोगी पडतो.